मिग विमानाचीं तीन गांवें : स्थलनिर्णयाच्या कथांचें परीक्षण

विमानाचा कारखाना हा इतिहाससंशोधकाच्या अभ्यासाचा विषय नव्हे, तो अर्थशास्त्रज्ञांचा किंवा फार तर वृत्तपत्रकारांचा विषय होय, असें या त्रैमासिकाच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गोष्टीस साठ वर्षें होऊन गेलीं, जिचे कर्ते पुरुष कालवश झाले, जिचे मूळ कागद सरकारी दफ्तरांत बांधलेले आहेत आणि जिच्याविषयीं निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या कथा रूढ होऊन बसल्या आहेत, ती गोष्ट इतिहासाच्या कक्षेंत आली असेंच म्हटलें पाहिजे. कथा प्रचलित आणि कागद दूर, या दोहोंमधल्या अवकाशांतच बखर जन्मास येते. मग ती पानिपतची असो कीं ओझरच्या विमान-कारखान्याची.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. मिग-२१ हें लढाऊ विमान सोव्हिएट रशियाकडून विकत घेण्याचा व पुढें परवान्यानें हिंदुस्थानांत बांधण्याचा करार १९६२ च्या ऑगस्टांत झाला. त्या कामासाठीं ‘एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड’ ही सरकारी कंपनी १९६३ च्या ऑगस्टांत निघाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजीं ती व बंगलोरची जुनी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी या दोहोंची मिळून ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ही एक कंपनी झाली. विमानाचें काम मात्र एका जागीं न ठेवतां तीन ठिकाणीं वांटलें. सांगाडा व शेवटची जुळणी नाशिकनजीक निफाड तालुक्यांत ओझर येथें. इंजिन ओरिसांतील (आतांच्या ओडिशांतील) कोरापुट जिल्ह्यांत सुनाबेडा येथें. आणि रेडिओ, रडार वगैरे विद्युत्-उपकरणें हैदराबादेस. या व्यवस्थेंतून पुढील सुमारें वीस वर्षांत सहाशेंहून अधिक मिग-२१ विमानें बाहेर पडलीं. त्या जातीचीं उरलीं सुरलीं विमानें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें हवाईदलाच्या सेवेंतून निवृत्त झालीं. येथवर वादाला जागा नाहीं. वाद आहे तो हा : हींच तीन गांवें कां?

कंपनीनें स्वतःची जी शकावली वेळोवेळीं प्रसिद्ध केली आहे ती या प्रश्नासाठीं उघडली तर निराशा पदरीं येते. शकावली म्हणून ती वाईट नाहीं. सनावळ्या नीट लाविल्या आहेत. परंतु तिचीं क्रियापदें बहुतेक कर्मणि आहेत. कारखाना ‘स्थापन करण्यांत आला’, कंपनी ‘विलीन करण्यांत आली’. कोणीं, कोणाच्या सल्ल्यानें, कोणती दुसरी जागा नाकारून, याचा उच्चार नाहीं. जेधे शकावलीची एक ओळ किती तुटक असते हें वाचकांस ठाऊकच आहे. पण तींत निदान माणसाचें नांव असतें.

शकावली मुकी राहिली कीं बखर बोलूं लागते. नाशिककडील कथा अशी : चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, १९६३ सालीं नाशिकच्या मतदारसंघानें त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिलें, त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनीं विमानांचा कारखाना ओझरास दिला. कथा सुटसुटीत आहे. तींत उपकार आहे, फेड आहे, आणि सह्याद्रि हिमालयाच्या मदतीस धांवला या त्या काळच्या लोकप्रिय उद्गाराचें तेजही आहे. इनामपत्रें वाचण्याची ज्यांना संवय आहे त्यांना तिचा सांचा तत्काळ ओळखूं येईल. सेवकानें श्रम केले, स्वामी संतोषले, कृपाळू होऊन गांव दिला. फरक इतकाच कीं इनामपत्रावर शिक्का असतो.

कालानुक्रमाची कसोटी लाविली तर ही कथा सरळ खोटी ठरत नाहीं, हें निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे. मात्र ती बरीच आंखडते. मिग हिंदुस्थानांत बांधावयाचें हें ठरलें तेव्हां संरक्षणखातें कृष्ण मेनन यांजकडे होतें आणि यशवंतराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ते संरक्षणमंत्री झाले २१ नोव्हेंबर १९६२ रोजीं, म्हणजे करारानंतर तीन महिन्यांनीं. तेव्हां कारखाना काढण्याचें मूळ श्रेय त्यांचें नव्हे. ती योजना त्यांनीं पुढें नेटानें चालविली, १९६४ सालीं स्वतः मॉस्कोस जाऊन वाढीव करार करून आले, हें खरें. राहतां राहिला प्रश्न जागेचा. त्याबाबत १९६३ ची निवडणूक आणि त्याच वर्षीं निघालेली कंपनी यांचें सान्निध्य एवढाच कथेचा आधार आहे. सान्निध्य हा कार्यकारणभाव नव्हे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची झाडाझडती घेतली, तेव्हांपासून निदान महाराष्ट्रांत तरी ही गोष्ट नव्यानें शिकविण्याची गरज पडूं नये. आणि कथेचा याहूनही मोठा दोष असा कीं ती एका गांवाचा उलगडा करिते व दोन गांवें बाहेर सोडते.

ओरिसांत हीच कथा दुसऱ्या नायकाची आहे. बिजू पटनाईक हे १९६१ च्या जूनपासून १९६३ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथील मुख्यमंत्री होते. स्वतः कसलेले वैमानिक, कलिंग एअरलाइन्सचे संस्थापक, १९४७ सालीं डचांच्या डोळ्यांत धूळ टाकून इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना विमानानें बाहेर काढणारे साहसी पुरुष, आणि नेहरूंच्या विश्वासांतले. अशा पुरुषानें विमानाचा कारखाना आपल्या प्रांतास मिळविला हें कोणासही पटेल. पटण्यासारखें आहे म्हणूनच तें जपून घ्यावयास हवें. नाशिकच्या कथनकारास बिजू पटनाईक ठाऊक नाहींत, ओरिसाच्या कथनकारास यशवंतराव ठाऊक नाहींत, आणि दोघांनाही हैदराबादचा पत्ता नाहीं. एकाच निर्णयाच्या दोन बखरी परस्परांस इतक्या अनोळखी असाव्यात, यावरूनच त्या निर्णयाच्या दालनांत लिहिल्या गेल्या नसून आपापल्या अंगणांत लिहिल्या गेल्या, असें दिसतें. या दोघांचा कांहींच हात नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. वजनदार माणसाचें वजन पडतें. पण तें कोणत्या पारड्यांत व किती, हें कथा सांगत नाहीं.

तिसरें मत विद्वानांचें आहे, व त्याला कथा म्हटलेलें त्यांस आवडणार नाहीं. ३० एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावांत प्रांताप्रांतांतील विषमता क्रमानें कमी करण्याचा हेतु सांगितला आहे. त्याच ठरावाच्या पहिल्या परिशिष्टांत विमाननिर्मितीचा धंदा सर्वस्वीं सरकारच्या हातीं राखला आहे. यावरून असें अनुमान काढितात कीं, सरकारच्या हातीं जो धंदा होता तो सरकारनें बुद्धिपुरस्सर मागास प्रदेशांत नेला, आणि मिगचे तीन कारखाने हें त्या धोरणाचें फळ होय. ठराव अस्सल आहे. अनुमान कच्चें आहे. तिन्ही गांवें एका ‘मागास’ शब्दांत कोंबतांच येत नाहींत. हैदराबाद ही निजामाची राजधानी, तेथें प्रागा टूल्ससारखा यंत्रांचा कारखाना १९४३ सालींच निघालेला. नाशिकास १९२५ पासून सरकारी सिक्युरिटी प्रेस, शेजारीं देवळालीची लष्करी छावणी, मुंबईचा लोहमार्ग व आग्रा रस्ता. मुंबई-ठाणें-पुणें या पट्ट्याबाहेर धंदे नेण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें सवलतींची जी योजना आंखली तिचा आरंभच १९६४ चा, म्हणजे ओझरनंतरचा नव्हे तर बरोबरीचा. खऱ्या अर्थानें दूरचा व दुर्गम असा प्रदेश एकच, कोरापुट. जें धोरण तिहींपैकीं एकासच लागू पडतें त्यास तिहींचें कारण मानणें म्हणजे एका सनदेवरून सारा परगणा मागण्यासारखें आहे.

येथें १९४० च्या गोष्टीशीं तुलना केल्यास बोध होतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली ती मुंबईस किंवा पुण्यास नव्हे, तर बंगलोरास. २३ डिसेंबर १९४० रोजीं कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल चार कोटींचें, भरलेलें चाळीस लाखांचें. जागेचें कारण गूढ नाहीं. मिर्झा इस्माइल दिवाण असलेला म्हैसूर दरबार या धंद्यांत स्वतः भागीदार झाला. १९४१ च्या मार्चांत हिंदुस्थान सरकारनें भरलेल्या भांडवलाचा एकतृतीयांश वांटा घेतला व १९४२ सालीं कारभार आपल्या हातीं घेतला. म्हणजे तेथें पक्ष निरनिराळे होते, प्रत्येकाचा वांटा आंकड्यांनीं लिहिला होता, आणि म्हणून सौदा कागदावर उमटला. प्रांतिक औद्योगिक धोरण म्हणून ज्याला आज म्हणतात तें संस्थानी दरबारांनीं किती डोळसपणें चालविलें होतें, याचा हा एक उत्तम दाखला. १९६३-६४ सालीं दाता, घेता व साक्षीदार तिन्ही एकच, दिल्ली सरकार. सौदा झालाच असेल तर तो एकाच कचेरीच्या टिपणांत झाला. बखरींना रान मोकळें मिळालें तें यामुळें.

कागद बोलत नसले म्हणजे आपण नाण्याकडे, शिलेकडे, वास्तूकडे वळतों. त्याच न्यायानें येथें यंत्राकडे वळावें. विमानाच्या सांगाड्यासाठीं हलक्या धातूचे पत्रे वांकविणें, सांचांत बसवून रिव्हेट मारणें हें काम मोठ्या छपरांखालीं चालतें. पण जुळलेलें विमान उडवून पाहिल्याशिवाय देतां येत नाहीं. म्हणून त्याला लांब धांवपट्टी व भोंवतालीं मोकळें पठार हवें. ओझरास तें आहे. इंजिनाचें तसें नाहीं. त्याला उष्णता सोसणारे मिश्रधातु, सूक्ष्म कांतकाम, भरपूर वीज व जमिनीवरच्या चांचणीचे कोठे लागतात. धांवपट्टी लागत नाहीं. डोंगरी कोरापुटास विमानतळाची वाण होती, परंतु मच्छकुंडाची जलविद्युत् १९५५ पासून जवळच उपलब्ध होती. विद्युत्-उपकरणें पेटींत घालून नेतां येतात आणि त्यांना जमिनीपेक्षां शिकलेले हात अधिक लागतात. त्यास शहर बरें. हीं अनुमानें आहेत हें खरें, पण तीं तिन्ही गांवांना एकदम लागू पडतात, आणि हा गुण वरच्या एकाही कथेंत नाहीं.

याला एक बाहेरचा दुजोराही आहे. खुद्द रशियांत मिग-२१ हें मुख्यतः गोर्की व मॉस्को येथें जुळत असे आणि त्याचें इंजिन उरल पर्वताच्या बाजूस उफा येथें होत असे. १९४१ सालीं जर्मन सैन्य चालून आलें तेव्हां रशियानें आपले विमान-कारखाने पूर्वेकडे हालविले होते. एका घावांत सारा धंदा बुडूं नये ही शिकवण त्यांनीं रक्त सांडून घेतली होती. परवान्याबरोबर नकाशे आले तसा कारखान्यांचा हा आराखडाही आला असावा. चिनी युद्धानंतरच्या दिल्लीस तो परका वाटण्याचें कारण नव्हतें. तिन्ही जागा उत्तर व पश्चिम सीमांपासून दूर, दख्खनच्या पोटांत आहेत, हें नकाशावर बोट ठेवून पाहतां येतें. आमच्या मतें म्हणून क्रम असा लावावा : वांटणीचें मूळ रशियन रीतींत व युद्धाच्या भीतींत, कोणता भाग कोठें याचें कारण यंत्राच्या गरजेंत, आणि शेवटीं पांच-दहा योग्य गांवांतून एक निवडतांना मागासपणाची कणव व पुढाऱ्याचें वजन. बखरकारांनीं हा क्रम उलटा केला आहे.

हा क्रम सुधारणें म्हणजे केवळ श्रेयाची फेरवांटणी नव्हे. गांवाला विमान मिळालें कीं विमानाचा तुकडा, यावर गांवाचें पुढलें भाग्य ठरलें. ओझरास शेवटची जुळणी आली; तुकडे तेथें येतात व विमान उडून जातें. सुनाबेड्यांत इंजिन तयार होतें, पेटींत बंद होतें आणि हजार किलोमीटरांहून दूर जातें. कच्चा माल बाहेरून, गिऱ्हाईक बाहेर, आणि मधें एक कुंपण घातलेली वसाहत. कोत्तवलसा-किरंदुल लोहमार्ग झाला तोही बैलाडिलाचें लोखंड जपानास धाडण्यासाठीं, आणि कारखान्याची जागा ठरली तेव्हां तो पुराही झाला नव्हता. कारखान्याला तीस वर्षें झाल्यावर, १९९५ सालीं, कोरापुट-बोलांगीर-कालाहंडी या मुलखासाठीं सरकारला दारिद्र्यनिवारणाची खास दीर्घकालीन योजना काढावी लागली. आणि २०१८ सालीं नीति आयोगानें देशांतील मागें पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली तींत कोरापुट आहेच. नाशिकास वाढ झाली. परंतु ती सारी ओझरच्या खात्यावर मांडणें चूक होय. सातपूर-अंबडचे लहान कारखाने वाढले ते मुख्यतः मोटारींच्या धंद्याच्या आश्रयानें. मिगचे सुटे भाग कारखान्याच्या आंतच होत किंवा रशियाहून येत. बाहेरच्या कारागिरास त्यांत फारसा शिरकाव नव्हता.

ज्यांनीं जमीन दिली त्यांची बखर कोणीच लिहिली नाहीं. पी. साईनाथ यांनीं आपल्या ‘एव्हरीबडी लव्ह्ज ए गुड ड्राऊट’ या १९९६ च्या ग्रंथांत सुनाबेड्याजवळच्या चिकापार गांवाची हकीकत दिली आहे. गदबा, परोजा वगैरे लोकांचें हें गांव १९६८ सालीं मिगच्या कारखान्यासाठीं उठविलें. त्यांनीं दुसरीकडे त्याच नांवाचें गांव वसविलें, तर १९८७ सालीं तें धरण व नौदलाचें दारूगोळ्याचें कोठार यांसाठीं पुनः उठविलें. वृत्तपत्रकाराची हकीकत म्हणून तिला दुय्यम मानण्याचें कारण नाहीं; ती त्यानें गांवकऱ्यांच्या तोंडून घेतली आहे, आणि महजरांत जी पांढरीची साक्ष असते तिचेंच मोल तिला आहे. तरी तिला कागदाची जोड मिळाली पाहिजे. कोरापुटची मोठी जमीन-मोजणी १९३८ ते १९६४ अशी चालली. पूर्वीं जयपूरच्या जमीनदारींत असलेल्या या मुलखांत डोंगरावरची फिरती शेती पट्ट्यावर चढत नसे; आणि भरपाई मिळे ती पट्ट्याच्या जमिनीची. म्हणजे मोजणी संपली त्याच सालीं कारखाना आला, आणि मोजणींत जें लिहिलें गेलें नाहीं तें गेलेंही कागदावांचूनच. ‘मागास प्रदेशाचा विकास’ या शब्दांखालीं कोणाकडून काय घेतलें व कोणास काय दिलें, याचा हिशेब या मोजणीच्या बाडांत व भूसंपादनाच्या निवाड्यांत आहे.

इकडे १९६४ सालीं बांधलेली गांठही सैल होत आहे. सुखोई-३० विमानें ओझरास झालीं व त्यांचीं इंजिनें सुनाबेड्यास, तोंवर जुनें नातें टिकलें. २०२४ च्या सप्टेंबरांत अशा २४० इंजिनांचा करारही झाला. परंतु १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं ओझराहून जें तेजस विमान प्रथमच उडालें, त्याचें इंजिन अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें आहे. त्याला कोरापुटाची गरज नाहीं. या घडामोडीकडे लक्ष कमी, आणि २०२२ सालीं टाटा-एअरबसच्या वाहतुकी विमानांचा कारखाना वडोदऱ्यास गेला तेव्हां ‘नागपूरचा कारखाना कोणीं पळविला’ यावर महिनाभर वाग्युद्ध, असें आपलें चाललें आहे. तीही त्याच सांच्याची कथा, फक्त उपकाराच्या जागीं अपहार.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. मोडी रुमालांच्या मागें हिंडणाऱ्या आमच्या मित्रांनीं निफाड तालुक्याकडेही एक फेरी करावी. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें चौथ्या व सहाव्या कलमांच्या जाहिराती राजपत्रांत छापाव्या लागत आणि अकराव्या कलमाखालीं निवाडा लिहावा लागे. त्यांच्या नकला व नोटिसा खातेदारांच्या वंशजांच्या पेट्यांत अजून असणें शक्य आहे, आणि त्यांवरच्या तारखा जागा केव्हां ठरली या प्रश्नाचें उत्तर सर्व बखरींहून चांगलें देतील. निवडणुकीच्या आधींची एक नोटीस सांपडली तर नाशिकची कथा संपली. नंतरची सांपडली तर तिला पहिल्यानेंच कांहीं आधार मिळेल. निवृत्त कारागिरांच्या घरीं रशियन भाषेच्या शिकवणीच्या वह्या, हातानें लिहिलेले शब्दकोश, जुळणीचे तक्ते असतील. गुप्ततेच्या नियमांत बसणारे कागद अर्थातच हाताळूं नयेत. परंतु वही ही वही आहे. विमान निवृत्त झालें म्हणजे त्याचे कागद रद्दींत जातात, आणि रद्दीवाला आपल्यापेक्षां लवकर उठतो. सुनाबेड्याच्या बाजूस हें काम ओरिसांतील संशोधकांनीं हातीं घेतल्यास दोन्हीकडील तारखा एका कोष्टकांत मांडतां येतील. हैदराबादची जागा त्या कोष्टकांत आरंभापासूनच राखून ठेवावी.